बिगर औषधाचे चार वाफे

२७ मार्च २०२२ रोजी भारताची नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानसेवा पुन्हा सुरू झाली. कोरोनामुळे ती दोन वर्षे स्थगित होती. त्यानंतर पंधराव्या दिवशी, ११ एप्रिलला, शिवराज कारभारी नलावडे पत्नी सायली आणि सहा वर्षांच्या मुलीसह मुंबईच्या विमानतळावर उतरला. पासपोर्टावरचा शिक्का एवढेच सांगतो. तो परत का आला, याची कारणे तीन ठिकाणी सापडतात आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

नेदरलँड्समधल्या ज्या बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत त्याने दहा वर्षे काम केले, तिला दिलेल्या राजीनाम्यात ‘कौटुंबिक कारण’ असे दोन शब्द आहेत. परदेशातील भारतीय शास्त्रज्ञांना परत आणण्यासाठी असलेल्या एका शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘मराठवाड्यातील अद्रकाच्या कंदकुजीवर स्थानिक उपाय शोधणे’ असा उद्देश आहे. सायलीचे म्हणणे याहून साधे आहे. “तो थकला होता. घरी आला की बूट काढायलासुद्धा अर्धा तास लावायचा.” पिशोरमध्ये, म्हणजे त्याच्या गावी, चौथे कारण प्रचलित होते: नोकरी गेली असणार. त्यावर त्याची आई मनकर्णाबाई सुमारे वर्षभर एकच उत्तर देत राहिल्या, “सुट्टीवर आलाय.”

शिवराजचा जन्म १९८३ चा. शेतीची पदवी परभणीला, डॉक्टरेट परदेशात, विषय मुळे कुजवणाऱ्या बुरशींचा. छत्रपती संभाजीनगरातील एका संशोधन संस्थेत त्याला शिष्यवृत्तीवर तीन वर्षांसाठी जागा मिळाली आणि कुटुंब शहरातल्याच हर्सूलला भाड्याच्या घरात राहू लागले. अट लेखी होती. एकाच शेतातले सलग हंगामांचे निष्कर्ष द्यायचे. ते ग्राह्य ठरले तर कायम नेमणुकीसाठी नाव पुढे जाणार, नाही तर शिष्यवृत्ती संपणार. तोवर तो बेचाळिशीला पोहोचणार होता आणि दुसरीकडे नव्याने अर्ज करायला वयाची अट आड येणार होती. त्याला इथे राहायचे होते, आणि राहणे या निष्कर्षांवर अवलंबून होते.

प्रयोगासाठी त्याने वडिलांचे शेत निवडले. पिशोर, कन्नड, फुलंब्री या भागात अद्रक पुष्कळ होते आणि पावसाळ्यात त्याला सड लागते. ती एकदा वाफ्यात शिरली की पाने पिवळी पडतात, कंद मऊ होतो आणि झाड बोटाने ओढले तरी हातात येते. शिवराजने आठ गादीवाफे आखले. चार वाफ्यांतले बेणे त्याने पिशोरच्याच मातीतून वेगळ्या केलेल्या एका उपकारक बुरशीत भिजवून लावले. उरलेल्या चारांना काहीही द्यायचे नव्हते. त्यांच्यात सड लागली तर लागू द्यायची आणि शंभरात किती झाडे जातात ते मोजायचे. वहीत त्यांना ‘तुलना वाफे’ म्हटले आहे. घरात त्यांना ‘बिगर औषधाचे’ म्हणत.

२० मे २०२२ ची नोंद अशी: ‘दादांचे म्हणणे, विहिरीमागे करा. तिथली जमीन उताराची. नाही म्हटले. रस्त्याच्या कडेची सपाट पट्टी ठरली.’ दादा म्हणजे वडील, कारभारी नलावडे, त्या वेळी वय अडुसष्ट. विहिरीमागची जागा त्यांनी का सुचवली, हे वहीत लिहिलेले नाही. त्या दिवशी ते विचारण्याची गरज कोणाला वाटली नसावी.

पहिल्या वर्षी सप्टेंबरात तुलना वाफे झपाट्याने पिवळे पडले. शेजारच्या वावराचे कडुबा सोनवणे रस्त्यावर मोटारसायकल उभी करून आत आले. पुढचे संभाषण शिवराज आणि कडुबा या दोघांनीही जवळजवळ सारखेच सांगितले, म्हणून ते विश्वसनीय मानता येते.

“काय डॉक्टर,” कडुबा म्हणाले, “सडवायला हॉलंडला जाऊन शिकावं लागतं व्हय? आमचं तर इथंच फुकटात सडतं.”

शिवराज हसला. त्याने तुलना म्हणजे काय ते समजावून सांगितले.

“म्हंजी माहीत असूनबी मरू देता?”

“हो.”

“अन् औषध घरात हाय?”

“आहे.”

कडुबांनी वळून कारभारींकडे पाहिले. “कारभारी, पोरगं लई शिकलं रं तुझं.”

कारभारी ठिबकचा कॉक फिरवत होते. त्यांनी मान वर केली नाही. कॉक पूर्ण बंद झाल्यावरही ते फिरवत राहिले, असे शिवराजला आठवते. कडुबांना हे आठवत नाही.

त्या हंगामाचा हिशेब स्पष्ट होता. तुलना वाफ्यांत शंभरातली त्रेपन्न झाडे गेली, बुरशी दिलेल्या वाफ्यांत एकोणीस. संस्थेतल्या बैठकीत टाळ्या वाजल्या नाहीत, पण प्रश्नही फारसे आले नाहीत. शिवराजने तेवढ्यावर समाधान मानले. २०२३ साली पाऊस कमी झाला. कोरड्या वर्षी सड कमीच लागते, त्यामुळे आकडे अकरा आणि आठ असे आले. फरक बारीक होता, पण दिशा तीच होती. तिसरा हंगाम चांगल्या पावसाचा मिळाला तर काम पुरे होईल, असे त्याने सायलीला सांगितले. २०२४ चा पाऊस चांगला झाला.

त्या सप्टेंबरात प्रयोगशाळेत गडबड सुरू झाली. तिथले काम सुकेशनी खिल्लारे पाहत असे. शेतातली माती आणायची, ती पाण्यात कालवून काचेच्या प्लेटवर पसरायची आणि सडीची बुरशी किती उगवते ते मोजायचे. प्लेट निर्जंतुक करण्याचे काम नळाला पाणी येणाऱ्या दिवशीच होई, म्हणून एक फेरी चुकली की आठवडा जाई. तरीही तिने ती चाचणी तीनदा केली.

“सर, बिगर औषधाच्या मातीतून काहीच येत नाहीये,” ती म्हणाली. “मला वाटतं माझंच काहीतरी चुकतंय.”

“तुझं चुकलं असतं तर सगळ्याच प्लेट कोऱ्या राहिल्या असत्या. दुसऱ्या चार वाफ्यांच्या आल्यात ना?”

“त्यांच्या भरून आल्यात.”

“मग चूक इथली नाही.”

“मग कुठली, सर?”

दुसऱ्या दिवशी, २ ऑक्टोबरच्या सुटीला, शिवराज मोटारसायकलने पिशोरला गेला.

तुलना वाफे गावातल्या कोणत्याही अद्रकापेक्षा हिरवे होते. त्याने एका झाडाच्या बुडाची माती बोटांनी बाजूला केली. खोडाला जिथे पाने बिलगलेली असतात, त्या खाचेत निळसर-हिरवी भुकटी वाळून बसली होती. त्याने दहा झाडे पाहिली आणि वहीत लिहिले: ‘दहापैकी नऊ.’ ती तांब्याच्या बुरशीनाशकाची खूण होती. शेतकरी त्याला नुसते ‘कॉपर’ म्हणतात आणि पाण्यात मिसळून खोडापाशी ओततात, त्याला आळवणी म्हणतात. कोणीतरी या चार वाफ्यांना आळवणी केली होती, तीही एकदा नव्हे.

तेवढ्यात कडुबा आले. त्यांची वेळ नेहमीच अशी असे.

“डॉक्टर, बिगर औषधाचं हिरवंगार, अन् औषधाचं बसलं. तुमच्या औषधाचं नाव मला लिहून द्या बरं.”

“कशाला, काका?”

“दुकानदारानं चुकून दिलं तर माघारी करता येईल.”

कारभारी बांधावर गवत काढत होते. त्यांनी हे ऐकले. ज्या वाफ्यांना त्यांनी वाचवले होते, त्यांनीच मुलाचे औषध खोटे पाडले आहे, हे त्यांच्या ध्यानात त्याच क्षणी आले असावे. हा अंदाज आहे. ते स्वतः त्याबद्दल बोललेले नाहीत. एवढे निश्चित की खुरपे त्यांनी तिथेच टाकले आणि ते घराकडे चालू लागले.

दुपारी ओट्यावर तिघे बसले. मनकर्णाबाई शेंगा फोडत होत्या. पुढचा प्रसंग शिवराजने त्याच संध्याकाळी लिहून ठेवला आहे, आणि त्या नोंदीच्या डोक्यावर त्याने नंतर वेगळ्या शाईने एक वाक्य घातले आहे. ते वाक्य पुढे येईल.

“दादा,” तो म्हणाला, “मार्चमध्ये माझा अहवाल जाणार. संस्थेतले लोक म्हणतात, तीनपैकी दोन हंगाम चोख असले तरी भागेल. हा एक गेला तर गेला. पण दुसराही गेला, तर मला इथं राहता येणार नाही.”

कारभारी ऐकत होते.

“यंदा तुम्ही त्या चार वाफ्यांना कॉपर टाकलं?”

“टाकलं.”

“किती वेळा?”

“तीनदा. चारदा असंल.”

“मी सांगितलं होतं ना, त्यांना काही द्यायचं नाही?”

“सांगितलं व्हतं.” कारभारींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “रस्त्याच्या कडंचं वावर हाय, शिवा. येणारा जाणारा थांबतो. कारभाऱ्याचा पोरगा परदेशातून आला अन् चार वाफे उभे सडवले, असं म्हनतो. मी कोणाकोणाला सांगत बसू मोजायला ठेवलेत म्हनून? मला तरी कुठं समजलं व्हतं? आजारी झाड दिसलं की माणूस औषध टाकतो.”

“दुसऱ्या चारांना का नाही टाकलं मग?”

“तिथं तुझं औषध व्हतं ना.”

शिवराजने विचारले, “आणि गेल्या साली?”

“गेल्या साली पाऊसच कुठं व्हता.”

“पाऊस नव्हता हे मला माहीत आहे. कॉपर टाकलं होतं का?”

“नाय.” आणि जरा थांबून, “तू म्हनशील तसं. नाय टाकलं असं लिही. पाहिजे तर मी सही करतो. तुझ्या साहेबांपुढं येऊन सांगतो.”

“मला सही नको आहे, दादा. काय झालं ते पाहिजे.”

“तेच तर सांगतोय. तुला इथं राहायचं हाय ना?”

“हो.”

“मग नाय टाकलं.”

नोंदीच्या डोक्यावरचे वाक्य असे आहे: ‘आधी परिणाम सांगितला, मग प्रश्न विचारला. चूक माझी.’ साक्षीदाराला उत्तराची किंमत आधी कळली की त्याच्या उत्तराचा उपयोग उरत नाही, हे कोणत्याही शोधकार्याच्या पहिल्या धड्यात असते आणि शिवराजने ते इतरांना शिकवलेही होते. वडिलांसमोर बसल्यावर मात्र त्याला ते सुचले नाही. त्यानंतर त्याने दोनदा वेगळ्या रीतीने विचारून पाहिले. दोन्ही वेळा उत्तर तत्परतेने आले.

मनकर्णाबाईंनी त्याच दुपारी, कोणी न विचारता, एक गोष्ट सांगितली. “पयल्या साली ह्यांनी रस्त्यानं जाणंच सोडलं व्हतं. नाल्यातून, काट्याकुट्यातून वावरात जायचे. पायाला कुरूप झालं तव्हा मी भांडले.”

“आणि दुसऱ्या साली?” शिवराजने विचारले.

“दुसऱ्या साली लागले की परत रस्त्यानं जायला.”

कारभारी म्हणाले, “तू शेंगा फोड.”

ही साक्ष महत्त्वाची वाटते, कारण ती देताना मनकर्णाबाईंना तिचे वजन ठाऊक नव्हते. पण तीही दोन्हीकडे झुकते. दुसऱ्या वर्षी कारभारी ताठ मानेने रस्त्याने गेले ते वाफ्यांना औषध मिळाले म्हणून, की कोरड्या वर्षी सड आपोआपच कमी होती म्हणून, हे त्यावरून ठरत नाही.

शिवराजने उरलेले पुरावे तपासले. पंपाच्या खोलीत कॉपरचे तीन रिकामे पुडे मिळाले. दोनांवर उत्पादनाचा महिना म्हणून २०२४ चा फेब्रुवारी छापलेला होता, तिसऱ्याचे लेबल भिजून गेले होते. पिशोरच्या दुकानदाराने आठवून सांगितले की कारभारी दरसाल कॉपर नेतात. पण त्यांचे स्वतःचे अद्रकही दरसाल असते, आणि त्यालाही तेच लागते. २०२३ च्या मातीचे नमुने असते तर प्रश्न एका आठवड्यात सुटला असता, कारण तांबे मातीत टिकते. ते नमुने जुलै २०२४ मध्ये जागा रिकामी करण्यासाठी टाकून देण्यात आले. संस्थेच्या रजिस्टरात त्या नोंदीखाली सही आहे. ती शिवराजचीच आहे.

वाफ्यांची आताची माती तपासण्याचा विचार त्याने केला आणि सोडला. तिच्यात यंदाचे तीनचार वेळचे तांबे होते. त्याखाली गेल्या वर्षीचे असले तरी वेगळे दिसणार नव्हते.

हर्सूलच्या घरात हा विषय जानेवारीपर्यंत रोज निघत राहिला. सायली नेदरलँड्समधल्याच एका कंपनीचे काम घरून करत होती. मुलगी आता मराठी शाळेत रुळली होती आणि दर रविवारी पिशोरला जायचा हट्ट धरत होती.

“लिही की टाकलं नाही म्हणून,” सायली म्हणाली. “तुझे वडील तसंच म्हणतायत.”

“ते काहीही म्हणतील.”

“म्हणजे तुझा त्यांच्यावर विश्वास नाही.”

“ते माझ्या बाजूनं बोलतील यावर पूर्ण विश्वास आहे.”

“तिकडे असताना रोज म्हणायचास, सोबत घरचं कुणी असतं तर बरं झालं असतं.” तिने लॅपटॉप मिटला. “आता आहे ना सोबत? भोग मग.”

ती हे रागाने म्हणाली नव्हती, असे दोघेही सांगतात. त्या काळात त्या घरात कोणात रागावण्याइतकीही ताकद उरली नव्हती.

अहवाल १४ मार्च २०२५ रोजी दाखल झाला. त्याची प्रत उपलब्ध आहे. चौसष्ट पानांपैकी महत्त्वाचा परिच्छेद एकच, पान एकेचाळीसवर. तिसरा हंगाम ‘तुलना वाफ्यांत बाहेरून औषध पडल्यामुळे’ रद्द समजावा, असे त्यात म्हटले आहे. औषध कोणी टाकले ते लिहिलेले नाही. पुढचे वाक्य असे: ‘दुसऱ्या हंगामात हे वाफे अस्पर्शित होते, असे मी प्रमाणित करू शकत नाही.’ सुकेशनीने टंकलेखन करताना हे वाक्य त्याला परत वाचून दाखवले होते.

“सर, ‘प्रमाणित करू शकत नाही’ की ‘खात्रीने सांगता येत नाही’? दुसरं जरा मऊ आहे.”

“पहिलंच राहू दे.”

“मग एकच हंगाम उरतो.”

“हो.”

“एका हंगामावर देतील?”

“नाही देणार,” शिवराज म्हणाला. “पुढचं पान घे.”

जूनमध्ये पत्र आले. त्यात दोन ओळी होत्या: सादर केलेले निष्कर्ष अपुरे, मुदतवाढ देता येत नाही. ऑगस्टपासून शिवराज वाळूजमधल्या एका शेतीऔषध कंपनीत गुणवत्ता तपासनीस आहे. बाहेरून आलेला माल नमुन्याशी जुळतो की नाही, एवढे तो पाहतो. संशोधनाचा त्या कामाशी संबंध नाही. जुन्या डच कंपनीने परत येण्याबद्दल विचारणा केली होती. तिला त्याने अद्याप होकार किंवा नकार कळवलेला नाही. सायलीला त्याचे उत्तर ठाऊक नाही आणि, तिच्याच शब्दांत, “विचारायचं बंद केलंय.”

२०२५ च्या पावसाळ्यात कारभारींनी रस्त्याच्या कडेची पट्टी पुन्हा अद्रकाला घेतली. सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. त्या महिन्याच्या अखेरीस त्यांनी शिवराजला कामावर फोन केला. हे संभाषण शिवराजने सांगितले; मनकर्णाबाई तिथे हजर होत्या आणि त्यांनीही ते तसेच सांगितले.

“शिवा, सड लागली. अर्ध्याच्या वर गेलंय. चार वाफे तसेच ठेवलेत मी, कायबी टाकलं नाय. येऊन मोजून घे.”

“दादा, आता मोजून उपयोग नाही.”

“का? तव्हा तर म्हनत व्हता, मोजायचं हाय म्हनून.”

“तो प्रयोग संपला. दुसरे चार वाफे आहेत कुठं? कशाशी तुलना करणार?”

“लोक इचारतात,” कारभारी म्हणाले. “मी सांगतो, मोजायला ठेवलंय म्हनून.”

“औषध टाका, दादा.”

“नक्की?”

“नक्की. टाका.”

कारभारींनी त्यानंतर औषध टाकले की नाही, हे शिवराजने पाहायला गेल्यावर विचारले नाही. सडलेली झाडेही त्याने मोजली नाहीत. निदान त्याच्या वहीत २०२५ चे एकही पान लिहिलेले नाही.

अद्याप माहीत नाही ते असे. २०२३ च्या हंगामात कारभारी नलावडे यांनी त्या चार वाफ्यांना कॉपरची आळवणी केली होती की नाही, हे कोणत्याही कागदावरून, वस्तूवरून किंवा साक्षीवरून ठरवता येत नाही. केली नसेल, तर शिवराजकडे दोन चोख हंगाम होते आणि त्याने ते स्वतःहून सोडले. केली असेल, तर कॉपर मिळालेल्या वाफ्यांपेक्षाही त्याची बुरशी सरस ठरली होती, आणि तसे असूनही तिसऱ्या वर्षी ती का हरली, याचे उत्तर कोणाकडे नाही. ती बुरशी सडीवर खरोखर चालते का, हे यामुळे अनिर्णित आहे. खरे काय ते कारभारींना माहीत असावे. पण आता विचारले तर मुलाला कोणते उत्तर हवे आहे, एवढेच ते आधी विचारतात.